दोन धुराड्यांची बोट

“बोलायचं फार नाहीच आहे,” असं म्हणत दादा सोफ्यावर पुढे सरकून बसला, तेव्हाच मधलीने ओळखलं की बोलणं केव्हाच होऊन गेलंय. ठरूनही गेलंय. आता फक्त तिच्या कानावर घालायचं बाकी आहे.

त्यातून धाकटा दादाच्या शेजारी बसला होता. शेजारी! आईच्या शेवटच्या आजारपणात इस्पितळाच्या पायऱ्यांवर या दोघांचं जे वाजलं होतं, त्यानंतर दोघं एका सोफ्यावर बसलेले कुणी पाहिले नव्हते. आज मात्र एक बोलला की दुसऱ्याची मान डोलत होती. भावांची अशी गट्टी जमलेली पाहून बहिणीला आनंद व्हायला हवा. मधलीने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

“गॅसचं झालं ते झालं,” दादा म्हणाला. “शेजारच्या शिंपीणबाईंना वास आला म्हणून निभावलं. पण आता बाबांना इथे एकटं ठेवण्यात अर्थ नाही. पटतंय?”

“पटतंय,” मधली म्हणाली. ते तर शेंबड्या पोरालाही पटलं असतं. दूध तापत ठेवून बाबा आतल्या खोलीत आपल्या टोकनांच्या कपाटाशी जाऊन बसले, दूध उतू गेलं, ज्योत विझली, आणि गॅस सुटतच राहिला.

“माझ्याकडे तिसरा मजला. लिफ्ट नाही. बाबांचे गुडघे तू बघतेसच.”

“आणि माझी खोली गॅरेजच्या डोक्यावर,” धाकट्याने री ओढली. “सकाळपासून नुसती ठोकाठोक. मलाच ऐकू कमी यायला लागलंय, ताई.”

“तुला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं,” वहिनी पुटपुटली. वहिनी म्हणजे दादाची बायको. ती खिडकीजवळ स्टूल घेऊन बसली होती आणि मघापासून एकाही बाजूने बोलली नव्हती. तिचं आणि मधलीचं कधीच फारसं जमलं नाही. भांडणही नाही, गूळपीठही नाही. एकमेकींच्या घरी गेल्या की चहा घ्यायच्या आणि घड्याळाकडे बघायच्या.

दादाने बायकोकडे एक कटाक्ष टाकला आणि घोडं पुढे दामटलं. “तर आम्ही असं म्हणत होतो की, तुझी जागा तळमजल्यावर. इथून दोन गल्ल्या. बाबांना रस्ते ओळखीचे. आणि तुला काय, एकटीच तर आहेस.”

हे वाक्य येणार हे तिला माहीत होतं. तरी आलं तेव्हा लागलंच.

एकटीच तर आहेस. म्हणजे रिकामी आहेस, असंच ना? मधली दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डॉक्टर लोक मापं पाठवत, ही मेणात दात कोरून, ओतून, घासून परत पाठवी. ज्यांच्या तोंडात ते दात बसत त्यांतलं एकही माणूस तिने पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळी ती घरी येऊन कुलूप उघडे तेव्हा सकाळचा कप टेबलावर जसाच्या तसा असे. तिला एकटेपणाची सवय आहे, असं सगळे म्हणत. सवय कसली डोंबलाची! कित्येकदा ती रेडिओ चालू ठेवून कामावर जायची, परतल्यावर घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून.

आणि नेमकी आत्ता कुठे एक खिडकी उघडली होती. प्रयोगशाळेच्या मालकीण, डॉक्टरीणबाई, दुसऱ्या गावी नवी प्रयोगशाळा काढत होत्या. “ती तुम्हीच सांभाळायची. हाताखाली शिकणाऱ्या मुली देते, राहायला जागा देते,” त्या म्हणाल्या होत्या. “उद्या मला सांगा. हो की नाही.” मधलीने हे अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार होती, आजच. वाटेत तीनदा वाक्य जुळवलं होतं. आता ते मागेच राहिलं होतं, आणि त्याच्या जागी जिभेवर आला होता तिचा नेहमीचा ‘हो’. हा ‘हो’ म्हणजे तिच्या तोंडाला लागलेली खोडच होती.

“बाबांना विचारलंत?” तिने वेळ काढायला विचारलं.

“त्यांना काय विचारायचंय? त्यांची दाढीची पिशवी सकाळपासून भरून तयार आहे,” धाकटा म्हणाला.

ते खरं होतं. दारातून आत येतानाच बाबांनी तिला विचारलं होतं, “मधले, तुझ्या खिडकीत उजेड उत्तरेचा येतो ना गं? बारीकसारीक बघायला चांगला असतो.” तिने नुसती मान हलवली होती.

आतून बाबांची हाक आली. “अरे, चहा आणताय की मी करू?”

“नको!” चौघं एकदम ओरडले. आणि मग चौघंही हसले. तेवढं एक हसू त्या दुपारी सगळ्यांचं मिळून झालं.

चहा घेऊन सगळे आत गेले. आतल्या खोलीत ते कपाट होतं. उथळ खणांचं, प्रत्येक खणात हिरवी मखमल, मखमलीत गोल खाचा, आणि प्रत्येक खाचेत एकेक टोकन नाहीतर पदक. जुन्या बेकऱ्यांची ‘एक पाव’ लिहिलेली, सार्वजनिक न्हाणीघरांची ‘एक अंघोळ’ लिहिलेली, गिरण्यांच्या उपाहारगृहांची, दूधवाल्यांची. बेकऱ्या बुडाल्या, न्हाणीघरं पडली. त्यांचे पितळी शब्द मात्र इथे मखमलीवर आरामात लोळत होते. पदकं वरच्या खणात. त्यांत मध्यभागी पुलाच्या उद्घाटनाचं चांदीचं पदक. बाबा तरुणपणी नदीच्या धक्क्यावर बोटीच्या उतारूंची टोकनं गोळा करायला होते. पूल झाला, बोट बंद पडली, नोकरी गेली. ज्या पुलाने पोटावर पाय दिला त्याचंच पदक बाबांनी मिळवून मधोमध मांडलं होतं. “वैर आपल्या जागी, नक्षी आपल्या जागी,” असं ते म्हणत.

कपाटासमोर एक जाड गृहस्थ बसले होते. गळ्यात दोरीला भिंग. ते अशा वस्तूंचे व्यापारी. बाबा त्यांना भिंगवाले म्हणत. मधलीच्या घरात हे कपाट मावणार नव्हतं, दादाच्या नव्हतं, गॅरेजवर तर नव्हतंच. म्हणून भावांनी भिंगवाल्यांना बोलावलं होतं. बाबांनी त्यालाही नाही म्हटलं नाही.

“सगळंच घेतो, काका,” भिंगवाले सांगत होते. “पण खरं सांगू? माझा जीव अडकलाय तो यात.” त्यांनी बोटाच्या टोकाने एका खाचेकडे दाखवलं. तिथे धक्क्याचं टोकन होतं. वाटोळं, पितळी, कडेला भोक, वर बोट कोरलेली. “दोन धुराडी! आजवर नुसतं ऐकून होतो.”

बाबांचा चेहरा असा काही खुलला की दादानेही कप खाली ठेवला. गोष्ट येणार होती. या घरात वाढलेल्या प्रत्येकाला ती पाठ होती.

“त्या टोकनाची गंमत अशी,” बाबांनी सुरुवात केली. “आमच्या बोटीला धुराडं एकच. पण ठसा कोरणाऱ्याने पहिल्या खेपेला कोरली दोन. साहेब भडकले, सगळी टोकनं वितळवली. चारदोन निसटली म्हणत. मी आयुष्यभर शोधत होतो. आणि होतं कुठे? माझ्याच घरात! या मधलीकडे!”

“काय सांगता!”

“आमच्या घरची एक पद्धत होती. पोरांची शाळा संपली की दुबार टोकनांच्या डब्यातलं एक प्रत्येकाला द्यायचो. धक्क्याचं. सांगायचो, हे एकदाच चालेल. माझ्यासमोर टाकलंत आणि काही मागितलंत, तर मी नाही म्हणणार नाही. धक्क्यावर कसं, टोकन टाकलं की मी म्हणायचो, चला, पुढे! माणूस चढला बोटीत. त्याला कुठे जातोस, का जातोस, काही विचारायचं नाही. तसंच घरात. या मोठ्याने मोटारसायकलवर उधळलं. या धाकट्याने कॉलेज सोडायला वापरलं. मी तळमळलो, पण म्हटलं, चला, पुढे.”

धाकट्याने कान खाजवला.

“तर एका संध्याकाळी मी इथेच बसलोय. नवा चष्मा लागलेला, त्याच आठवड्यात. ही आली, चोवीस वर्षांची असेल तेव्हा, आणि टोकन ठेवलं माझ्यापुढे. मी सहज बघतो, तर दोन धुराडी! डब्यातून हिला देताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी असा ओरडलो! भिंग शोधलं, दिव्याखाली धरलं, हिच्या आईला अंथरुणात नेऊन दाखवलं. हिला लगेच डब्यातलं दुसरं दिलं, साधं, एका धुराड्याचं. म्हटलं, हे घे पोरी, तुझं काही गेलं नाही.” बाबा हसले. “असं नशीब, भिंगवाले!”

भिंगवाल्यांनी मान डोलावली. दादाने कप पुन्हा उचलला. मधली हातातल्या बशीकडे बघत राहिली. दर वेळी या वाक्याला ती कुठेतरी बघत राहायची. एकदा भिंतीकडे, एकदा आईच्या औषधांच्या बाटल्यांकडे.

“पण ताई,” दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, “तुम्ही ते टोकन बाहेर कशाला काढलं होतं?”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. ही गोष्ट ती या घरात येण्याआधीची, तुकड्यातुकड्याने ऐकलेली. सबंध आज पहिल्यांदाच ऐकली, आणि पडला तो प्रश्न विचारला. नवल एवढंच, की घरातल्या कुणालाही तो इतकी वर्षं पडला नव्हता.

“खेळत असेल,” दादा म्हणाला.

“चोवीस वर्षांची बाई?” वहिनी म्हणाली.

मधलीला म्हणायचं होतं, ‘असंच.’ तोंडही उघडलं होतं. पण तिची नजर बाबांवर गेली. बाबांचं हसू अजून ओठांवर होतं, फक्त त्यांना त्याचा विसर पडला होता. त्यांचा हात टेबलावर सरकला, त्या संध्याकाळी तिने जिथे टोकन ठेवलं होतं तिथवर. ते हिशेब जुळवत होते. धक्क्यावर उमेदीची वर्षं काढलेला माणूस. समोर टोकन का पडतं हे त्याला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

“मधले,” ते म्हणाले. “तू टाकलं होतंस?”

“हो, बाबा.”

“काय हवं होतं?”

मधलीने बशी दोन्ही हातांत धरली.

“नोकरी लागली होती. परगावी, दंतमहाविद्यालयात. आठवड्यात रुजू व्हायचं होतं.” ती सावकाश बोलत होती, मेण कोरताना हात ठेवायची तसा आवाज स्थिर ठेवून. “आईचं अंग तेव्हा लुळं पडलेलं. तुम्ही नुसतं ‘बघू’ म्हणाला होतात. मला मागायचं होतं की आईसाठी बाई ठेवा आणि मला जाऊ द्या.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही भिंग शोधत होतात.”

बाबांनी डोळे मिटले.

“किती खूश झाला होतात! आईसुद्धा कितीतरी दिवसांनी हसली. मी तिथेच उभी होते. म्हटलं, आनंद ओसरला की विचारतील, मधले, काय हवंय तुला? रात्री नाही विचारलंत. सकाळी नाही विचारलंत. आठवडा संपला.”

“अगं, पण दुसरं टोकन होतं ना तुझ्याकडे!” दादा कळवळून म्हणाला, की चिडून, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. “तेव्हा बोलायचं सोडून आता तीस वर्षांनी...”

“पुन्हा टाकायला धीर नाही झाला. आणि रागही आला होता, दादा. मला वाटत होतं, त्यांनी आपणहून विचारावं. मी वाट बघत बसले. मग आई होती, तुझं लग्न होतं, याचं गॅरेज होतं. वाट बघायचीच सवय झाली.”

धाकट्याने मान खाली घातली. आईची ती सगळी वर्षं कुणी काढली, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. त्यावर सगळ्यांनी वेळोवेळी तिचं कौतुकही केलं होतं. कौतुक करून हात झटकायची या घराला हातोटीच होती.

बाबा उठले. खाचेतून ते टोकन त्यांनी चिमटीत उचललं.

“काका, काका,” भिंगवाले गडबडले, “तेवढं एक गेलं तर बाकीच्या संग्रहात राम राहत नाही हो!”

“ते माझं नाहीच, तर विकू कसा?” बाबांनी मधलीचा हात धरला, बशी काढून बाजूला ठेवली आणि टोकन तिच्या तळव्यावर ठेवलं. “अजून चालतं ते. टाक.”

“बाबा, आता कशाला...”

“टाक म्हणतो ना.”

ते उभे होते टेबलापलीकडे, जसे धक्क्यावर कठड्यापलीकडे उभे राहत असतील. म्हातारे, गुडघ्यातून किंचित वाकलेले, सदऱ्याचं एक बटण वरच्या काजात. बाहेर त्यांची दाढीची पिशवी दाराजवळ तयार होती, आणि ती कुणाकडे जायला भरली होती हे मधलीला पक्कं ठाऊक होतं. तिला रडू फुटायला लागलं. ‘माझ्याकडे चला’ म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. भाऊ, वहिनी, बाबा, आणि एका अर्थी तीही, कारण घरात कुणीतरी बोलणारं आलं असतं, रेडिओ बंद करता आला असता. पण उद्या डॉक्टरीणबाईंना ‘नाही’ सांगायला लागलं असतं. आणि तो नकार शेवटचा. तो सांगून झाल्यावर तिला पुन्हा कुणी काही विचारणार नव्हतं.

तिने टोकन टेबलावर ठेवलं. पितळ लाकडावर टक्क वाजलं.

“मला पुन्हा नोकरी आलीय, बाबा. दुसऱ्या गावी. उद्या होकार द्यायचाय.” तिने श्वास घेतला. “मला जायचंय. तुम्ही माझ्याकडे राहायला येऊ नका.”

भिंगवाले आपल्या भिंगाची दोरी गुंडाळायला लागले. बाबांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, आणि ते तिने पाहिलं. बघायचं नव्हतं, तरी पाहिलं.

मग बाबांनी टोकन उचललं, सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि खाकरले.

“चला,” ते म्हणाले. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाले, “चला, पुढे.”

मग जे व्हायचं तेच झालं. दादा म्हणाला, हे काय पोरखेळ चाललेत, टोकनांवर कुठे घरं चालतात का? धाकटा म्हणाला, मोटारसायकल घेताना बरी चालली होती! दादा म्हणाला, तू गप्प बस, तुझ्या गॅरेजवर एक माणूस मावत नाही का? आणि सकाळपासूनची ती गट्टी चहा निवायच्या आत मोडली. दोघं पुन्हा इस्पितळाच्या पायऱ्यांवर जाऊन पोचले.

“बास करा,” वहिनी म्हणाली. “बाबा आमच्याकडे येतील.”

“अगं, तिसरा मजला...”

“तिसरा मजला आहे, आभाळ नाही. एकदा चढतील. रोज कुठे उतरायचंय त्यांना?” मग तिचं तिलाच ते वाक्य कसं वाटलं कोण जाणे, ती जरा थांबली आणि हळू म्हणाली, “खिडकी आहे तिथे. उजेड येतो.” मधलीकडे तिने एकदाच पाहिलं. त्यात प्रेम होतं असं म्हणता येणार नाही, पण घड्याळाकडे मात्र तिने पाहिलं नाही.

कपाटाचं काय करायचं, असं भिंगवाल्यांनी चाचरत विचारलं. बाबा म्हणाले, “न्या.” पुलाचं पदकसुद्धा? “तेही न्या.” त्यांनी त्याच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. एकामागून एक खण रिकामे झाले. हिरव्या मखमलीवर नुसत्या गोल खाचा उरल्या. मधलीला त्या बघवेनात, म्हणून ती कप विसळायला गेली.

ती निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. भाऊ जिन्यात अजून वाद घालत होते, वहिनी बाबांच्या औषधांच्या पट्ट्या गोळा करत होती. बाबा एकटेच दारापर्यंत आले. चौकट धरून उभे राहिले. रिकाम्या घराचा वास त्यांच्या पाठीमागून येत होता.

“गाव लांब आहे?”

“आगगाडीने सकाळी निघालं की दुपारी पोचतं.”

“बरंय.” ते चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिले. “रविवारी तुला... म्हणजे एखाद्या रविवारी जर...” आणि थांबले. “नाही, काही नाही. जा तू. अंधार पडेल.”

मधली दोन पायऱ्या उतरली. तिथे उभी राहिली. धक्क्यावर काय, घरात काय, या माणसाने दुसऱ्यांचीच टोकनं घेतली होती. त्याच्या हातात टाकायला टोकन कुणी दिलं होतं?

तिने पिशवी उघडली. आतल्या कप्प्यात, किल्ल्यांच्या खाली, ते होतं. साधं, एका धुराड्याचं. इतकी वर्षं वागवून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. ती दोन पायऱ्या परत चढली आणि ते तिने बाबांच्या हातात दिलं.

“हे ठेवा तुमच्याकडे. एकदाच चालेल,” ती म्हणाली. “टाकलंत की मी कुठे असेन तिथून येईन. का, कशाला, विचारणार नाही.”

बाबांचा हात सवयीने वर गेला, दाराबाहेरच्या उजेडाकडे, टोकन चिमटीत तिरकं धरून. डोळा बारीक झाला. मग तो हात तिथेच थांबला. त्यांनी टोकनाकडे बघितलंच नाही. मूठ मिटली, आणि ते तिच्याकडे बघत राहिले.

“मधले,” त्यांनी विचारलं, “तुला काय हवंय?”